जिभेवरचा पांढरा थर आणि मधाची बाटली

आमच्या गावचा आठवडे बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी दवाखान्यात पेशंटांबरोबर त्यांच्या बाजाराच्या पिशव्याही येतात. गेल्या महिन्यात अशाच एका मंगळवारी एक आजी, त्यांची लेक आणि लेकीचे सहा आठवड्यांचे बाळ अशी तिघे आत आली. लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ दोन दिवसांपासून नीट अंगावर पीत नाही, मध्येच सोडून रडते, अशी तक्रार होती. मी बॅटरीच्या प्रकाशात तोंड पाहिले. जिभेवर, गालांच्या आतून आणि टाळूवर फुटलेल्या दह्यासारखे पांढरे ठिपके होते.

"कधीपासून आहे हे?"

"चार-पाच दिवस झाले. पण मी औषध लावतेय की," असे म्हणून आजींनी मेथीच्या जुडीखालून एक बाटली आणि एक कागदाची पुडी काढली. "मध अस्सल आहे, डॉक्टर. महाबळेश्वरकडचा. सकाळ-संध्याकाळ बोटानं जिभेवर फिरवते. आणि हा टाकणखार, लाही करून आणलाय. आजपासून मधात कालवून लावणार होते, तर ही म्हणाली, आधी दाखवून येऊ."

त्या लेकीचे मी मनातल्या मनात आभार मानले.

आजींना मी सांगितले, की बाळाला मध बंद करायचा आणि टाकणखार तर मुळीच लावायचा नाही. आजी दुखावल्या. "तुमच्या आईनं तुम्हाला चाटवला नव्हता का?" असा त्यांनी सरळ प्रश्न केला. चाटवला होता. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना जन्मल्याबरोबर मध-तूप चाटवलेले आहे आणि आम्ही चांगले धडधाकट आहोत. त्यामुळे आजींच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. बाहेर बाजाराची गर्दी बसलेली. म्हणून जे त्या दिवशी नीट सांगता आले नाही, ते आज सविस्तर लिहितो.

ही बुरशी येते कोठून?

तोंडातील या पांढऱ्या थराला इंग्रजीत थ्रश म्हणतात. तो कँडिडा नावाच्या बुरशीमुळे येतो. तिच्या नेहमीच्या जातीचे पूर्ण नाव 'कँडिडा अल्बिकन्स'. या दोन्ही लॅटिन शब्दांचा अर्थ पांढरेपणाशीच निगडित आहे, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी 'पांढरी पांढरी' असेच नाव ठेवले म्हणायचे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, लोकांची गाळण उडवली होती. तेव्हापासून 'बुरशी' हा शब्द उच्चारला, की पेशंटचा चेहरा उतरतो. ही ती नव्हे. म्युकर वेगळी आणि फार घातक. कँडिडा मात्र निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात एरवीही मुकाट्याने राहत असते. तोंडातले इतर जंतू, लाळ आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तिला डोके वर काढू देत नाहीत.

हा बंदोबस्त ढिला पडला, की ती वाढते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते, म्हणून त्याच्या तोंडात ती सहज वाढते. प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक्सचा, लांबलेला कोर्स झाला, की तोंडातील चांगले जंतू मरतात आणि तिला मोकळे रान मिळते. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप ओढणारे आणि नंतर चूळ न भरणारे, रात्रीही कवळी तोंडात ठेवून झोपणारे, कर्करोगासाठी किरणोपचार किंवा केमोथेरपी घेणारे, मधुमेही, आणि एच.आय.व्ही.ची लागण असलेले, या सर्वांच्या तोंडात ती फोफावते.

म्हणूनच बाळाच्या जिभेवरचा थर आणि मोठ्या माणसाच्या जिभेवरचा थर यांकडे डॉक्टर वेगवेगळ्या नजरेने पाहतात. बाळात तो बहुधा साधा असतो. मोठ्या माणसात तो काही तरी सांगायला आलेला असतो. हे मला पुस्तकाने शिकवले होते, पण पक्के शिकवले ते एका निवृत्त एस.टी. कंडक्टरने. ती हकिगत माझ्या चुकीची आहे.

माझी चूक

पंधराएक वर्षे झाली. पावसाळ्याचे दिवस, तापाची साथ, दवाखान्याच्या ओट्यापर्यंत रांग. हे गृहस्थ आत आले, वय साधारण साठ. "तोंडाला चव नाही, जीभ चरचरते, डॉक्टर." मी त्यांची जीभ पाहिली, पांढरी होती. दहा दिवसांपूर्वीच छातीच्या कफासाठी मीच त्यांना अँटिबायोटिक दिले होते. त्यामुळेच थर आला असणार, असे मी गृहीत धरले. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांना उठता उठता म्हणालो, "जिभेला थोडा मध लावत जा."

पुन्हा आले ते दीड महिन्याने, लंगडत. उजव्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल लागली होती आणि जखम काळी पडली होती. रक्तातील साखर तपासली, ती ४१२ निघाली. जीभ पाहिली, तर थर आता घशापर्यंत पोचलेला. "मध लावत होतात का?" असे मी विचारले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लावतात कसला, रोज तीन चमचे घेतात. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. करंगळी काढावी लागली. मी पहिल्याच दिवशी बोटाला सुई टोचून साखर पाहिली असती, तर दीड महिना वाचला असता. ते काम दोन मिनिटांचे होते. ते गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. अजूनही संक्रांतीला तिळगूळ द्यायला येतात, आणि त्यांची नजर चुकवून माझी नजर त्यांच्या पायाकडे जाते.

मध नैसर्गिक आहे म्हणून तो मधुमेहाला चालतो, असा आपल्याकडे मोठा समज आहे. मधाचा जवळजवळ चार पंचमांश भाग साखरच असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. वीस ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात साधारण सोळा-सतरा ग्रॅम साखर येते. मधुमेह आटोक्यात नसला, की लाळेतही साखर वाढते, तोंड कोरडे पडते आणि बुरशीला मारणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. अशा तोंडाला दिवसातून तीनदा मध चाटवणे म्हणजे त्या बुरशीला नैवेद्य दाखवणेच होय.

मग मधात काहीच दम नाही का?

आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने मधाला मोठे स्थान दिले आहे. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि मुखरोगांत मध व औषधी चूर्णे तोंडात चोळण्याचे, धरून ठेवण्याचे उपचारही आयुर्वेदात आहेत. आधुनिक शास्त्रानेही मध तपासून पाहिला आहे. जंतूंना तो मारतो कसा, हे आता बऱ्यापैकी कळले आहे.

मधात पाणी फक्त सतरा ते वीस टक्के. बाकी साखर इतकी दाट, की तिच्यात सापडलेल्या जंतूच्या अंगातलेच पाणी ती शोषून घेते. लोणच्यात मीठ करते तेच काम मधात साखर करते. दुसरे म्हणजे मध आम्लधर्मी असतो. तिसरी गोष्ट गमतीची आहे. मधमाशी फुलांच्या रसात आपल्या ग्रंथींतून एक पाचकद्रव्य मिसळते. मध थोडा पातळ झाला, की ते जागे होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. शाळेत खरचटल्यावर ज्या औषधाचा फेस येत असे, तेच हे. म्हणूनच भाजलेल्या आणि चिघळलेल्या काही जखमांवर मधाची पट्टी उपयोगी पडते, आणि निर्जंतुक केलेला खास वैद्यकीय मध त्यासाठी रुग्णालयांतून वापरलाही जातो.

पण ही सारी करामत मुख्यतः जीवाणूंवर चालते. बुरशी जास्त चिवट. प्रयोगशाळेच्या काचपात्रात कँडिडाची वाढ मधाने रोखता येते, पण त्यासाठी मध दाट लागतो आणि बराच वेळ लागतो. तोंडात हे दोन्ही जमत नाही. मोठ्या माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. जिभेवर ठेवलेला मध काही क्षणांत पातळ होतो आणि आपण तो गिळून टाकतो. मागे उरते ते साखरेचे पाणी.

मध काढणाऱ्यांना विचारा, ते याचा पुरावा देतील. पोळे पूर्ण पिकण्याआधी काढलेला मध बाटलीत फसफसतो, कधी झाकणही उडते. त्यात पाणी जास्त असते आणि यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी त्या साखरेवर पोसून तो आंबवते. कँडिडा ही याच यीस्टच्या गोतावळ्यातली. दाट मधापुढे ही मंडळी हतबल होतात आणि पातळ मधावर जेवतात. आणि तोंडात मध पातळ होतोच.

मधमाश्यांच्या पेटीतला दुसरा पदार्थ म्हणजे प्रोपोलिस. अलीकडे स्प्रे, टूथपेस्ट, अर्क अशा रूपांत तो मोठ्या दुकानांतून दिसू लागला आहे आणि तोंडाच्या बुरशीवर रामबाण म्हणून त्याची जाहिरात होते. झाडांच्या कळ्या-सालींतून पाझरणारा चीक गोळा करून माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात, तो हा डिंक. बुरशीच्या बाबतीत याची बाजू मधापेक्षा खरोखरच भक्कम आहे. ब्राझीलमध्ये कवळीखाली हिरड्या आणि टाळू लाल होणाऱ्या रुग्णांवर प्रोपोलिसचे जेल आणि मायकोनाझोल हे नेहमीचे बुरशीनाशक जेल यांची तुलना झाली. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. पण या चाचण्या अगदी थोड्या रुग्णांवरच्या होत्या. शिवाय माशी ज्या झाडाचा चीक आणील, तसा तो डिंक. ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस तिथल्या एका विशिष्ट झुडपाचा, युरोपातला पॉप्लरच्या झाडांचा. आपल्या सह्याद्रीतील सातेरी माशी तर हा डिंक फारसा गोळाच करीत नाही. तेव्हा इथल्या बाटलीतला प्रोपोलिस ब्राझीलच्या चाचणीतल्यासारखाच वागेल, असे धरून चालता येत नाही. काहींना त्याची ॲलर्जी येते आणि ओठ-तोंड सुजते, हेही लक्षात ठेवावे.

रॉयल जेली, म्हणजे राणीमाशीचे खाद्य, याचा तोंडाच्या बुरशीवर उपयोग होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट दम्याच्या रुग्णांना त्याने जोराचा झटका आल्याच्या नोंदी आहेत. दमेकऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

किरणोपचाराने तोंड सोलवटणाऱ्या रुग्णांचे नातेवाईकही मला मधाबद्दल विचारतात. तो त्रास वेगळा आहे, बुरशी त्यात नंतर शिरते. २००३ साली मलेशियातील एका लहान अभ्यासात मधाने तो कमी झाल्याचे दिसले होते. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत न्यूझीलंडचा प्रसिद्ध मनुका मध आणि साधा साखरेचा पाक यांत फरक आढळला नाही. अशा रुग्णांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याखेरीज काही लावू नये.

अस्सल असला तरी

आता आजींच्या बाळाकडे वळतो. आजींचा सारा भर 'अस्सल' या शब्दावर होता. मधाच्या भेसळीची गोष्ट खरी आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तेरा ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा त्यातील बहुतेकांत साखरेचा पाक सापडला, आणि तो पाकही असा, की भेसळीच्या नेहमीच्या तपासण्यांत पकडला जाऊ नये. त्यामुळे पाण्यात थेंब टाकणे, कापसाची वात बुडवून पेटवणे, कुत्र्यापुढे ठेवणे या घरगुती परीक्षांनी मनाचे समाधान होते इतकेच. आजींचा मध मात्र खरोखर चांगला दिसत होता. महाबळेश्वर भागात मधपाळांची जुनी परंपरा आहे. तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला.

पण बाळाला धोका आहे तो अस्सल मधाचाच. माती आणि धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे असतात. ती माशीबरोबर पोळ्यात येतात आणि मधात निपचित पडून राहतात. मधात ती वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. घरी मध गरम केला, तरीही मरत नाहीत. तुम्ही-आम्ही तो मध खाल्ला, तर आपल्या आतड्यातले इतर जंतू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही फौज अजून उभी राहिलेली नसते. तिथे ही बीजे रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच मधाशी त्याचा संबंध उघड झाला. तेव्हापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, हा नियम जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी घालून दिला आहे. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.

आपल्याकडे हा आजार क्वचितच नोंदला जातो. हजारो बाळांना मध चाटवतात आणि काही होत नाही, हेही खरे. म्हणूनच ही चाल टिकून आहे, आणि म्हणूनच आजींना माझे म्हणणे पटणे अवघड होते. पण ज्या एका बाळाला तो होतो, ते कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर जाऊ शकते. आपल्या घरचे बाळ कोणते, हे आधी कळत नाही.

आणि टाकणखार. आमच्या लहानपणी तोंड आले, की टाकणखाराची लाही मधात किंवा बोरॅक्स ग्लिसरीन, हे ठरलेले औषध. टाकणखार म्हणजेच बोरॅक्स. आपणच ते वापरत होतो असे नाही, साहेबाच्या ब्रिटिश औषधकोशातही पूर्वी बोरॅक्स घातलेला मध होता. पण १९८३ साली ब्रिटनमधील बालरोगांच्या एका मासिकात सात बाळांची हकिगत छापून आली. त्यांच्या चोखणीला बोरॅक्स घातलेला मध लावून देत असत. सातही बाळांना झटके येत होते आणि ते मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. थोडा थोडा टाकणखार बाळाच्या अंगात साठत जातो, कारण त्याची मूत्रपिंडे तो पुरेसा बाहेर टाकू शकत नाहीत. आजींच्या पुडीची लाही सुदैवाने पुडीतच राहिली होती.

मध मात्र पोटात गेलेला होता. त्याला उतारा काही नाही, फक्त लक्ष ठेवायचे. बद्धकोष्ठता, रडण्याचा आवाज क्षीण होणे, ओढायची ताकद कमी होणे, पापण्या मिटलेल्या राहणे, मान आणि अंग सैल पडणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, बाळाला घेऊन या, असे मी लेकीला कागदावर लिहून दिले. ही लक्षणे दिसायला कधी काही दिवस, तर कधी चार आठवडेही लागतात.

पाचव्या रात्री साडेदहाला दाराची कडी वाजली. आजी, लेक, जावई आणि बाळ. दोन दिवस बाळाला शी झाली नव्हती. आजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बाळाला आईच्या अंगावर लावायला सांगितले, चांगले जोर लावून ओढत होते. उचलून पाहिले, मान त्याच्या वयाच्या मानाने ठीक होती. मग तळपायाला टिचकी मारली, तर त्याने असा भोकाड पसरला, की समोरच्या घरातला दिवा लागला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. फक्त अंगावर पिणारी बाळे कधी कधी दोन-चार दिवस शी करीत नाहीत, ते साधे असते. सकाळी जावयाचा फोन आला, पोट साफ झाले होते.

उपचार काय करायचा?

आधी ओळख पटवायला हवी. जिभेवर साचलेले दूध ओल्या मऊ फडक्याने सहज निघते. बुरशीचा थर चिकटून बसतो आणि खरडून काढला, तर खाली लाल जागा दिसते, कधी रक्तही येते. तेव्हा तो जोराने खरडू नये. बाळाला बुरशीनाशक थेंब किंवा पातळ औषध डॉक्टर देतात. ते दूध पाजल्यानंतर लावायचे आणि ठिपके गेले, तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायचे. जेल स्वरूपातले औषध घट्ट असते. चार महिन्यांच्या आतील बाळाच्या घशात त्याचा गोळा अडकू शकतो, म्हणून शेजारच्या बाळाची ट्यूब उसनी आणू नये. आईच्या स्तनाग्रांवरही तीच बुरशी असू शकते, त्यामुळे आईला जळजळ होत असो वा नसो, दोघांचा उपचार एकदम करावा लागतो. नाही तर आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे अशी तिची ये-जा सुरू राहते. बाटली किंवा चोखणी वापरत असाल, तर ती रोज उकळावी. खरे तर वापरूच नये.

जांभळे औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, पूर्वी आम्ही सर्रास लावत असू. बाळाचे ओठ, आईचे पातळ, माझी बोटे, सगळे जांभळे. गुण यायचा. पण आता त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका उपस्थित झाल्या आहेत आणि चांगली औषधे हाताशी आहेत, तेव्हा ते घरचे घरी लावू नये.

बुरशीवरचे पहिले सुरक्षित औषध, निस्टॅटिन, अमेरिकेतील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी १९५० साली जगापुढे मांडले. ते मिळाले मातीतल्या एका जंतूपासून. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेनेही मातीतल्याच एका जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. तो जंतू 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' या नावाने ओळखला जातो. आमच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात ते नाव वाचताना वर्गातली पुण्याकडची पोरे उगाच ताठ बसत. सांगायचे ते इतकेच, की ही औषधेही निसर्गातूनच आली आहेत. फरक एवढाच, की ती किती द्यायची आणि किती दिवस द्यायची, हे मोजलेले आहे.

मोठ्या माणसांचे थोडक्यात सांगतो. जिभेवर थर दिसला, की पहिल्याच भेटीत रक्तातील साखर तपासून घ्या. डॉक्टर विसरला, तर तुम्ही आठवण करा, मी वर सांगितलेच आहे. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकून टाका. पंप मात्र बंद करू नका. कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवा. कारण सापडत नसेल आणि थर पुन्हा पुन्हा येत असेल, तर एच.आय.व्ही.ची तपासणी संकोच न करता करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. गिळताना छातीत दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तेव्हा थांबू नका. फ्लुकोनाझोलची कॅप्सूल दुकानदाराला विचारून घेण्याची पद्धत पडली आहे, ती वाईट आहे. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली, तर साखर एकाएकी खाली जाते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो.

आणखी एक. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा असेल आणि तो पुसून मुळीच निघत नसेल, तर ती बुरशी नसण्याचीच शक्यता जास्त. तो कर्करोगाच्या आधीचा चट्टा असू शकतो. दोन आठवड्यांत गेला नाही, तर त्याचा तुकडा तपासावा लागतो. अशा चट्ट्यावर चार-चार महिने मध, हळद, तूप लावून आलेली माणसे मी पाहिली आहेत. दुखत नव्हता म्हणून थांबलो, असे सगळेच सांगतात.

आजी परवा पुन्हा आल्या होत्या, या वेळी स्वतःच्या खोकल्यासाठी. बाळ आता छान आहे, तोंड स्वच्छ आहे. आजींची साखर मी तपासली, ती १०४ भरली. मग त्यांनी पिशवीतून तीच बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि जरा रागातच विचारले, "आता याचं काय करू ते तरी सांगा." रात्री झोपताना एक चमचा कोमट पाण्यातून घ्या, खोकल्याला बरा असतो, असे मी सांगितले. आजींनी बाटली परत पिशवीत टाकली आणि जाता जाता दारातून म्हणाल्या, "नातवाचा पहिला वाढदिवस झाला, की त्याला यातलाच देणार. तेव्हा आडवे येऊ नका."

तेव्हा मी आडवा येणार नाही.